रजिस्टरमध्ये गावाचं नाव नीट लिहा

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले, हे विदर्भात कोणाला सांगायची गरज नाही. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, हवा कोंदट, दोन-तीन औषधं एकात एक कालवून मारायची, पाठीवर चायना पंप, तोंडाला फार तर रुमाल. पेशंट पावसाळ्यातच यायला लागले होते पण राज्यभर बोंबाबोंब झाली ती सप्टेंबर संपता संपता अन् ऑक्टोबरात. मग मधल्या काळात ही माणसं कुठं होती? दवाखान्यात होती. वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये त्यांचं नाव होतं, वय होतं, भरती झाल्याची तारीख होती, विषावर उतारा म्हणून ॲट्रोपीन किती दिलं तेही लिहिलेलं होतं. म्हणजे माहिती सरकारच्याच कागदावर सरकारच्याच माणसाने लिहिलेली होती, फक्त ते कागद एकमेकांशेजारी ठेवून कोणी वाचले नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या दवाखान्यांच्या रजिस्टरांत गावागावातल्या तब्येतीची खबर रोज लिहिली जाते, ती गावनिहाय वाचली पाहिजे, आणि ज्या गावची खबर आहे त्या गावाला ती परत मिळाली पाहिजे. आज ती फक्त वर जाते. पीएचसीतून, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातून, तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून पुण्या-मुंबईला आणि तिथून दिल्लीला. खाली काहीच येत नाही.

सिस्टीमच नाही असं कोणी म्हणू नये, सिस्टीम आहे. २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालू आहे, ज्याला आरोग्य खात्यातले लोक आयडीएसपी म्हणतात. त्यात सिस्टर किंवा आरोग्य सेवकाने भरायचा एस फॉर्म, डॉक्टरने भरायचा पी फॉर्म आणि लॅबचा एल फॉर्म, असे तीन फॉर्म दर आठवड्याला जायचे, २०२१ पासून त्याच्या जागी ऑनलाइन पोर्टल आलं आणि आता मोबाईलवरून भरता येतं. चांगली गोष्ट आहे. पण त्या पी फॉर्मवर जुलाब, हगवण, कावीळ, मलेरिया, डेंग्यू, गोवर, कुत्रं चावणं, साप चावणं या सगळ्यांना खाना होता आणि फवारणीच्या विषबाधेला वेगळा खाना नव्हता. जो आजार आमच्या भागात दर पावसाळ्यात माणसं आडवी पाडतो त्यालाच खाना नाही, म्हणजे तो ‘इतर’ मध्ये जाणार किंवा कुठंच जाणार नाही.

बरं, वॉर्डात काय लिहितात ते बघा. डायग्नोसिसच्या खान्यात ‘ओपी पॉयझनिंग’, म्हणजे ऑर्गनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकाची विषबाधा, किंवा नुसतं ‘पॉयझनिंग’. एवढंच. आता फवारताना वाऱ्याने अंगावर उडून चक्कर आलेला मजूर आणि घरी डबा तोंडाला लावलेला कर्जबाजारी शेतकरी, दोघांचंही डायग्नोसिस तेच. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत या दोन गोष्टींना वेगळे कोड आहेत, अपघाताने झालेली कीटकनाशकाची विषबाधा एक्स ४८ आणि स्वतःहून घेतलेलं विष एक्स ६८, पण रात्री अकरा वाजता पन्नास पेशंट असलेल्या वॉर्डात ज्युनिअर डॉक्टर हे कोड लिहीत बसेल अशी अपेक्षाच चुकीची आहे. तरी एक शब्द जास्त लिहायला काय हरकत आहे, ‘फवारणी’ किंवा ‘प्यायला’. त्या एका शब्दावर पुढचं सगळं अवलंबून असतं, घरच्यांना मिळणारी मदत, पोलिसांचा पंचनामा आणि जिल्ह्याला दिसणारं चित्र. दोन्ही प्रकार एकाच आकड्यात गेले की वरचा अधिकारी म्हणतो विदर्भात आत्महत्या होतातच, त्यात नवीन काय, आणि फवारणीचं मरण त्या ढिगाखाली गाडलं जातं.

आणि कायदा नाही असंही नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या कलम २६ मध्ये राज्य सरकारला अधिकार दिलाय की नोटिफिकेशन काढून कीटकनाशकाच्या विषबाधेची प्रत्येक घटना कळवणं बंधनकारक करता येतं. त्याच्या लगेच पुढचं कलम २७, असा रिपोर्ट आला की लोकांच्या सुरक्षेसाठी त्या कीटकनाशकाची विक्री ६० दिवसांपर्यंत थांबवता येते आणि तेवढ्यात चौकशी करायची. कायदा करणाऱ्यांनी दवाखान्यातली नोंद आणि दुकानातली विक्री यांची गाठ पन्नास वर्षांपूर्वीच मारून ठेवली होती. पण गाठ चालायची तर वॉर्डातल्या रजिस्टरमध्ये फवारणीच्या औषधाचं नाव पाहिजे, आणि बहुतेक वेळा नातेवाईक रिकामी बाटली घेऊन येतात तरी तिच्यावरचं नाव कागदावर उतरत नाही.

आता ओपीडीच्या खिडकीवर या. आठवडी बाजाराचा दिवस, लाईन पार फाटकापर्यंत, आत एकच जण केसपेपर काढतोय. एक कोलाम आदिवासी बाई, कडेवर लेकरू, लेकराला ताप.

“कोणतं गाव?”

“पोडावरची आहो जी.”

तो वर न बघताच पीएचसीच्या गावाचं नाव लिहितो अन् पुढचा नंबर. संपलं. त्या बाईचा पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, डोंगराच्या पायथ्याशी, पाण्याचा सोर्स वेगळा, रस्ता नाही, महसुली नोंदीत तो दुसऱ्याच गावात धरलेला, आणि आता दवाखान्याच्या नोंदीत तिसऱ्याच गावात. उद्या त्या पोडावरची दहा लेकरं तापाने आली तरी रजिस्टर म्हणेल बाजाराच्या गावात ताप आहे, फवारणीची गाडी बाजाराच्या गावात धूर सोडून जाईल आणि पोडावरचं डबकं तसंच राहील. मी त्या क्लार्कला दोष देत नाही, एका माणसावर तीन माणसांचं काम टाकलंय. पण गावाचा खाना हा त्या अख्ख्या केसपेपरवरचा सार्वजनिक आरोग्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा खाना आहे आणि तोच सगळ्यात घाईत भरला जातो. धंद्याचा खाना तर बऱ्याच ठिकाणी नसतोच. शेतमजूर आहे का, वीटभट्टीवर आहे का, खाणीत आहे का, कोणी विचारत नाही.

नावाने काय होतं ते आपल्याच भागातून बघा. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या पेशंटांच्या रक्तात एक नवा व्हायरस सापडला आणि त्याला गावाचंच नाव पडलं. पुढे २००३ मध्ये आंध्रात आणि आपल्याकडे लहान लेकरं त्याने दगावली, २००७ मध्ये भंडाऱ्यातही केसेस निघाल्या. रक्ताच्या बाटलीवर कुठून आलं ते नीट लिहिलं होतं म्हणून हा धागा लागला. आज आपल्याकडे नुसतं ‘ताप’ लिहिलेल्या हजारो नोंदी आहेत. २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली तेव्हा हेच झालं की ताप म्हणजे डेंग्यू किंवा मलेरिया एवढंच डोक्यात, आणि हा आजार गवतातल्या बारीक कीटकाच्या अळीपासून होतो, अंगावर कुठंतरी काळी खपली दिसते, आणि डॉक्सीसायक्लिन नावाची स्वस्तातली गोळी वेळेत दिली तर माणूस वाचतो. कोणत्या तालुक्यात खपलीवाला ताप निघतोय हे शेजारच्या तालुक्यातल्या डॉक्टरला त्याच आठवड्यात कळलं तर तो पुढच्या पेशंटचा शर्ट काढून बघेल. एवढा साधा फायदा आहे.

किडनीचा विषय मला यापेक्षाही जास्त सलतो. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, जवळपास नऊशे गावं, जमिनीखालचं पाणी खारट. तिथं गावोगाव किडनीचे पेशंट आहेत हे तिथल्या कोणालाही विचारा. कारण काय यावर डॉक्टर लोक वेगवेगळं सांगतात, कोणी पाणी म्हणतं, कोणी कीटकनाशक, कोणी अंगदुखीच्या गोळ्या, कोणी बीपी-शुगर. वाद चालू दे, वाद शास्त्रानेच मिटेल. पण गावनिहाय किती लोक डायलिसिसवर आहेत हे तरी मोजायला काय अडचण आहे? पेशंट अकोल्याला जातो, नागपूरला जातो, संभाजीनगरला जातो, प्रत्येक ठिकाणी त्याची नोंद होते, पण प्रत्येक दवाखान्याला तो सुटा एकटा पेशंट दिसतो. गाव कोणालाच दिसत नाही.

आणि इथं डेटा नाही असं म्हणायला तोंडच नाही. २०१२ मध्ये राज्यात जीवनदायी योजना सुरू झाली, पहिल्या आठ जिल्ह्यांत आपले अमरावती आणि गडचिरोली होते, पुढे तिचंच नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना झालं. त्या योजनेतून डायलिसिस होतं आणि प्रत्येक क्लेमसोबत रेशन कार्ड लागतं. रेशन कार्डावर गाव असतं. म्हणजे गेल्या कित्येक वर्षांत या योजनेतून डायलिसिस झालेल्या प्रत्येक गरीब माणसाचं गाव सरकारच्या कॉम्प्युटरमध्ये ऑलरेडी आहे. पैसे द्यायला गाव बरोबर लागतं, आजार समजून घ्यायला मात्र तेच गाव कोणी उघडून बघत नाही. ती यादी काढा, गावाची लोकसंख्या घ्या, हजारी किती ते काढा. मग ज्या गावांना वाण धरणाचं नळाचं पाणी बरीच वर्षं मिळतंय आणि जी गावं अजून बोअर-हापशीवर आहेत त्यांची तुलना करा. याने कारण शंभर टक्के सिद्ध होणार नाही, मान्य, पण शोध कुठून सुरू करायचा ते नक्की कळेल, आणि पाण्याची पाईपलाईन आधी कोणत्या गावाला टाकायची हे आमदाराच्या मर्जीवर न ठरता पेशंटच्या संख्येवर ठरेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. दवाखान्यात येतात तेवढेच लोक रजिस्टरमध्ये दिसतात, जे येतच नाहीत त्यांचं काय? सापाचं उदाहरण घ्या. देशभरातल्या घरोघरच्या मृत्यूंची चौकशी करून २०११ मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात २००५ या एका वर्षात सर्पदंशाने सुमारे ४६,००० लोक गेल्याचा अंदाज निघाला आणि सरकारी दवाखान्यांच्या आकड्यापेक्षा तो तीस पटीने जास्त होता. कारण उघड आहे, मेलेल्यांपैकी जेमतेम पाव लोक दवाखान्यात मेले होते, बाकीचे शेतात, घरात, मांत्रिकाकडे, रस्त्यात. आमच्याकडे ही चित्रं रोजची आहेत. धारणीचा माणूस बऱ्हाणपूरला जातो, पांढरकवड्याचा आदिलाबादला, सिरोंच्याचा नदी ओलांडून तेलंगणात, मग त्यांची नोंद आपल्या राज्यातच राहत नाही. आणि बस स्टँडजवळच्या खाजगी डॉक्टरकडे, मेडिकलवाल्याकडे, सलाईन लावणाऱ्याकडे जाणारे तर निम्म्याहून जास्त असतील, त्यांचा कागदच नाही.

पण यातून रजिस्टर वाचू नका असा निष्कर्ष काढणारे लोक मला कळत नाहीत. रजिस्टर एकट्यावर विसंबू नका, असा निष्कर्ष निघतो. एकूण किती, हे रजिस्टर कधीच बरोबर सांगणार नाही. पण ‘या आठवड्यात नेहमीपेक्षा जास्त आहे का’ हे ते चांगलं सांगतं, कारण न येणारे लोक मागच्या वर्षीही येत नव्हते. मागच्या पाच वर्षांतला तोच आठवडा काढायचा, सरासरीच्या वर गेलं की घंटा वाजवायची. याला मोठं गणित लागत नाही, बारावी झालेला कोणीही करेल. आणि एकूण किती हे कळायला आशाताई आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सर्च ही संस्था सुरू करून गावातल्याच बायांना शिकवलं, घरोघरचे जन्म आणि मृत्यू मोजले, म्हणून सरकारी आकड्यांत बालमृत्यू किती कमी दाखवले जातात हे ठामपणे मांडता आलं. दवाखान्याचं रजिस्टर लवकर कळवतं, गावातली बाई पूर्ण कळवते. दोन्ही पाहिजेत. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने राज्यांना सांगितलं की सर्पदंश नोटिफायेबल करा, म्हणजे सरकारी असो की खाजगी, प्रत्येक केस कळवायची. हेच फवारणीच्या विषबाधेला का नको?

आता खरी अडचण सांगतो, जी मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही. आकडा लपवण्याचं कारण आळस नसतं, भीती असते. एखाद्या पीएचसीच्या डॉक्टरने प्रामाणिकपणे डेंग्यूच्या पंधरा केसेस टाकल्या की दुसऱ्या दिवशी फोन येतो, तुमच्याकडेच कशा एवढ्या? शेजारच्या पीएचसीत तर दोनच आहेत. मग नोटीस, मग खुलासा, मग व्हिडिओवरच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर झाप. शेजारच्याने काय केलेलं असतं, ‘व्हायरल फीवर’ लिहिलेलं असतं. पुढच्या वर्षी हाही तेच लिहितो. कुपोषणाच्या लेकरांचं वजनसुद्धा असंच कागदावर शंभर-दोनशे ग्रॅमने वाढतं. जोपर्यंत जास्त आकडा देणाऱ्याला शिक्षा आणि कमी देणाऱ्याला शाबासकी आहे तोपर्यंत कितीही महागडं पोर्टल आणा, त्यात खोटंच भरलं जाणार. उलटं करावं लागेल. ज्याने लवकर कळवलं त्याच्याकडे दोन दिवसांत टीम, किट, औषधं, जास्तीचा माणूस गेला पाहिजे, आणि चौकशी करायची तर ज्याच्याकडे सगळीकडे साथ असताना शून्य आहे त्याची करा.

दुसरी भीती लोकांची आहे आणि ती माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे. तीनशे उंबऱ्यांच्या गावात ‘बाई, वय २६, एचआयव्ही’ एवढं लिहून लावलं तर नाव लिहायची गरजच राहत नाही, संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा. टीबीचं तेच, गर्भपाताचं तेच, मानसिक आजाराचं तेच, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलीच्या लग्नाचं तर विचारूच नका. २०२३ पासून सिकलसेलची देशभर मोहीम चालू आहे, ० ते ४० वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं टार्गेट, गडचिरोली-चंद्रपुरात त्याची गरज आहेच, पण कार्ड हातात आल्यावर पोरीचं स्थळ मोडलं तर पुढच्या वेळी त्या घरातलं कोणी रक्त देणार नाही. म्हणून नियम साधा पाहिजे. नाव, आधार नंबर, मोबाईल नंबर दवाखान्याच्या बाहेर जाणार नाही. ताप, जुलाब, कावीळ, साप, फवारणी हे गावनिहाय सांगायचं. लाज किंवा कलंक चिकटतो असे आजार फक्त तालुक्याच्या पातळीवर. आणि पोड, पाडा, टोला यांची नोंद आत वेगळी ठेवायची, तो हट्ट मी सोडणार नाही, पण त्यांचा आकडा बाहेर सांगताना चार-पाच वस्त्या एकत्र करून सांगायचा. विमा कंपनी, औषध कंपनी, कर्ज देणारे यांना यातलं काहीही मिळता कामा नये. गरीब माणसाने मोफत औषध घेतलं म्हणजे त्याने स्वतःची माहिती विकायला परवानगी दिली असं होत नाही.

सिस्टरांवर अजून एक रजिस्टर लादू नका असं कोणी म्हणालं तर मी त्यांच्याच बाजूने आहे. एका उपकेंद्राला साधारण पाच हजार लोकसंख्या, आदिवासी भागात तीन हजार, आणि त्या एका बाईच्या टेबलावर रजिस्टरांची चळत, वर मोबाईलमध्ये वेगवेगळी ॲप, तीच माहिती चार ठिकाणी. चारातली तीन बंद करा अन् मग गाव, धंदा आणि काय झालं हे तीन खाने नीट भरून मागा. रेंज नसलेल्या गावात ऑनलाइनची सक्ती करू नका, कागदावरचं आठवड्याने चढवलं तरी चालतं.

आणि मग ती खबर गावात परत आणा. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा भागात लोकांचे केस अचानक झडायला लागले, मुठीने केस हातात यायचे, काही दिवसांत टक्कल. प्रकरण टीव्हीवर गेल्यावर टीमा धावल्या, पाणी तपासलं, केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) लोक आले, आणि पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. हे तेच बावस्कर ज्यांनी महाडच्या खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात विंचवाच्या पेशंटांच्या रोजच्या नोंदी ठेवून प्राझोसिन हे आधीपासूनचं औषध विंचवाच्या विषावर चालतं हे शोधून काढलं आणि विंचवाने मरणारे जवळजवळ थांबवले. खेड्यातला एक डॉक्टर स्वतःच्या केसपेपरांतून एवढं करू शकतो. शेगावच्या त्या गावांतले लोक मात्र आपल्याला काय झालं हे महिनोन्महिने बातम्यांतूनच ऐकत होते.

गावात समिती आहे, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समिती, कागदावर प्रत्येक गावात आहे. तिच्यापुढे दर महिन्याला एक पान आलं पाहिजे, मराठीत, त्या गावातून दवाखान्यात कोणकोणत्या तक्रारीने किती जण गेले आणि मागच्या वर्षी याच महिन्यात किती होते, बस. तेच पान ग्रामपंचायतीच्या बोर्डावर. ऑगस्टच्या पानावर गावातून फवारणीचे चार मजूर भरती झालेले दिसले, त्यातल्या तिघांच्या बाटलीवर एकच नाव असलं, तर सरपंचाने कृषी सहाय्यकाला बोलवायचं, पीएचसीत ॲट्रोपीन किती शिल्लक आहे ते विचारायचं, आणि ते पान जोडून कलेक्टरला अर्ज द्यायचा की कलम २७ खाली ६० दिवस या औषधाची विक्री थांबवण्याचा प्रस्ताव आजच्या आज मंत्रालयात पाठवा.